लिंबाजीकाकांची पाव्हणी

स्वतःची कोंबडी चोरीला गेल्यावर हरखून जाणारा माणूस आमच्या नेकनूरच्या शिवारात एकच, लिंबाजीकाका. त्यांचा-माझा बांधाला बांध. सकाळी खुराडं उघडून ते कोंबड्या मोजतात. एक कमी भरली की बांधावरून आनंदानं हाक येते, "पाव्हणी जेवून गेली रं!"

पाव्हणी म्हणजे रानमांजर. लांब पायांचं, आखूड शेपटीचं, काकांच्या बांधावरच्या बोरी-बाभळीच्या जाळीत राहणारं. साऱ्या शिवारानं जेसीबी लावून बांध साफ केले. काकांनी जेसीबीवाल्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. "कशापायी तिच्या घरावर उठलाय रं? आत बाळंतीण हाय!"

चार दिवस कोंबडी गेली नाही, की काकांना जेवण गोड लागत नाही. "तब्येत बरी नसंल का तिची?" असं मलाच विचारतात. मी काय तिचा डॉक्टर?

हे सगळं लांबून बघायला मजा येत होती. मग एका सकाळी पाव्हणीनं माझीच खुडूक कोंबडी अंड्यांवरून उचलून नेली. माझं डोकं फिरलं. मोटारसायकलची जुनी क्लचवायर घेतली आणि जाळीच्या तोंडाशी फास लावून आलो.

तासाभरात काका दारात. बगलेत त्यांची खुडूक कोंबडी.

"ही घे. अंडी गार पडायच्या आत बसीव. आन् फास तू लावलायस, तूच काढ."

"काका, त्या चोरट्या जनावराचा एवढा कशाला पुळका?" मी तणतणलो.

काका कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. काकू गेल्यापासून ते शेतातच एकटे राहतात. मुलगा पुण्याला, त्याचा फोन तेवढा येतो.

"माझ्या दारात कुणी येत न्हाई लेका," ते म्हणाले. "ती येती. चोरी कराया का हुईना, येती."

मी जाऊन फास काढला. जाळीतून पिल्लांचं बारीक म्यांव म्यांव ऐकू आलं. काका आले नसते, तर ती पिल्लं आईवाचून मेली असती आणि ते पाप माझ्या माथी आलं असतं. त्यांचे ते उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

त्या संध्याकाळी मी काकांच्या खोपीवर गेलो.

"काय काम काढलंस?" त्यांनी विचारलं.

"काम नाही काही. असाच आलो."

काकांनी माझ्याकडं बघितलं. मग मला बसायला म्हणून बाज झटकायला लागले, आणि बराच वेळ झटकत राहिले.