चकत्यांना तेल

सासरेबुवा मुक्कामाला आले की घरात कुरकुरणारी एकही वस्तू शिल्लक राहत नसे. बिजागऱ्या, पंखा, शिलाई मशीन, सगळ्यांना तेल पाजून झालं की ते उदास व्हायचे. या खेपेला मात्र त्यांना व्हरांड्यात जावयाची सायकल सापडली.

जावई दातांचा डॉक्टर. वर्षातून एकदा तो वकील आणि मास्तर या दोन जुन्या मित्रांबरोबर जीपने उंच डोंगरावर जाई आणि सायकलवरून खाली येई. वकील आणि मास्तर सुसाट येत. डॉक्टर दोन्ही ब्रेक आवळून येई, आणि ते ब्रेक अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल असे किंचाळत. "डॉक्या, पेशंट सोबत आणलास काय?" हा वकिलाचा विनोद कित्येक वर्षं टिकला होता.

यंदा प्रकरण विनोदावर भागणार नव्हतं. जीपचा ड्रायव्हर नोकरी सोडून चालला होता आणि ठरलं होतं, की जो शेवटचा येईल त्याने पुढच्या वेळेपासून जीप चालवायची. शेवटचा कोण येणार हे जीपलासुद्धा ठाऊक होतं. डॉक्टरला त्या विचाराने जेवण जात नव्हतं. हळू का होईना, पण तो उतार त्याला मनापासून आवडायचा.

निघायच्या सकाळी दाराशी हॉर्न वाजत असताना सासरे म्हणाले, "जावईबापू, सायकलची किंचाळी कायमची बंद केलीय. चाकांना त्या पत्र्याच्या चकत्या आहेत ना, त्यांना तेलाने नुसती अंघोळ घातलीय."

"वा, छान, छान," डॉक्टर बुटात पाय कोंबत म्हणाला. त्याने एक अक्षर ऐकलं नव्हतं.

वरची हवा इतकी विरळ होती, की मास्तरला धड शिंकता येईना. झाड नाही, माणूस नाही, फोनला रेंज नाही. त्यांना सोडून जीप वळसा घालून पायथ्याकडे निघून गेली. वकील सुटला, मागोमाग मास्तर. डॉक्टरने देवाचं नाव घेतलं आणि सवयीने दोन्ही ब्रेक आवळले.

डोंगर शांत राहिला. सायकल मात्र सुटली.

सासऱ्यांचं सकाळचं वाक्य आता कुठे डॉक्टरच्या डोक्यात शिरलं. ब्रेक ज्या चकत्यांना पकडून चाक थांबवतो, नेमक्या त्याच चकत्यांची अंघोळ झाली होती.

"बाजूला व्हा!" तो ओरडला. मास्तरने वळून पाहिलं आणि सायकलसकट गवतात उडी घेतली.

"ए, मरायचंय का?" वकील ओरडला.

"नाही!" डॉक्टरने खरं तेच सांगितलं, पण तोवर तो पुढच्या वळणावर होता.

खुर्चीतल्या पेशंटला "झालं हं, झालं, एवढंच" म्हणण्यात हयात गेलेल्या या माणसाने आज तेच स्वतःला म्हणत काही वळणं घेतली. पुढची घेतलीच नाहीत, त्यामुळे बराच रस्ता वाचला. चरणाऱ्या मेंढ्यांनी तत्परतेने वाट दिली. पायथ्याशी मेंढपाळाने लेंड्यांचा भलामोठा ढीग रचला होता. तिथे सायकल थांबली. डॉक्टर आणखी थोडा पुढे गेला.

बऱ्याच वेळाने दोघे मित्र पोचले. त्यांचे चेहरे पांढरेफटक पडले होते.

"मी पहिला आलो," डॉक्टर ढिगातून म्हणाला. "जीप तुमच्यापैकी कोणीतरी चालवायची."

"जीप तूच चालवायचीस!" वकील म्हणाला.

"अरे, पहिला आलो ना?"

"म्हणूनच! आम्हाला बायकापोरं आहेत!"

"मला घासून गेलास रे," मास्तर म्हणाला. "वर दात काढून हसत होतास!"

ते हसू नव्हतं, दातखीळ होती. डॉक्टरने खरं सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. ब्रेकच लागत नव्हते म्हणावं, तर आजचा निकाल रद्द, तो पुन्हा शेवटचा आणि नशिबी जीप. गप्प बसावं, तरी जीपच. त्याला फार वाईट वाटलं. पण दोघे ज्या नजरेने पाहत होते, तसं आजवर त्याच्याकडे फक्त दात उपटून घ्यायला आलेले लोक पाहत.

"ठीक आहे," तो अंगावरच्या लेंड्या झटकत म्हणाला. "तुमच्या जिवापुढे माझी हौस ती काय!"

ड्रायव्हरने सरावासाठी लगेच किल्ली त्याच्या हातात दिली. डॉक्टरने पहिला गिअर टाकला आणि बाजूने चालणाऱ्या मेंढ्या पुढे जातील अशा चालीने जीप घराकडे काढली. मागच्या सीटवर वकील आणि मास्तर एकमेकांचे हात घट्ट धरून बसले होते.

"हळू, डॉक्या," वकील कळवळून म्हणाला. "पाया पडतो तुझ्या, हळू चालव!"

डॉक्टरला जन्मात कोणी "हळू चालव" म्हटलं नव्हतं. ऐकू न आल्यासारखं करून त्याने दुसरा गिअर टाकला.