कोपराच्या सोयीची सायकल

कोपर दुखतंय हे घरात सांगायचं नाही, असं भाऊसाहेबांनी ठरवलं तेव्हा तो निर्णय त्यांना फार मुत्सद्दीपणाचा वाटला होता. (डाव्या हाताने दाढी करणारा माणूस बायकोच्या नजरेतून सुटत नाही, हे मात्र त्यांच्या मुत्सद्देगिरीत बसलं नव्हतं.)

भाऊसाहेब पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीमागे बसत. पाणी आलं नाही म्हणून लोक त्यांच्यावर ओरडत, आलं तर गढूळ आलं म्हणून ओरडत. संध्याकाळी दमूनभागून घरी आले की बायको विचारी, "अहो, गिझरवाल्याला फोन केलात का?" केलेला नसायचा. अशा माणसाला आठवड्यातून एकदा तरी कोणी काही विचारू नये असं वाटलं, तर त्याचं काय चुकलं? म्हणून तर त्यांनी सायकल घेतली होती. रविवारी सकाळी ग्रुपबरोबर टेकडीपर्यंत जायचं आणि यायचं. सगळ्यांनाच इतकी धाप लागायची की प्रश्न विचारायला कोणाकडे दम उरत नसे. आयुष्यात एवढंच काय ते सुख होतं.

आणि नेमकं उजवं कोपर ठणकायला लागलं. आधी फक्त चढावर, मग ब्रेक दाबताना, मग शर्टाची बटणं लावतानाही. बायकोला कळलं तर सायकल भंगारात जाईल, या धास्तीने भाऊसाहेब मूग गिळून बसले. शेवटी एका सकाळी त्यांनी डाव्या हाताने ओतलेला चहा कप चुकवून बायकोच्या पायावर पडला.

"काय झालंय उजव्या हाताला?"

"कुठे काय?"

"मग ओता बघू उजव्याने."

भाऊसाहेबांनी ओतला. या खेपेला किटलीच पडली.

फिजिओथेरपिस्ट मुलगी भाऊसाहेबांच्या ऑफिसातल्या खुर्चीपेक्षाही वयाने लहान असावी. तिने कोपराच्या बाहेरच्या बाजूला अंगठा दाबला आणि भाऊसाहेब स्टुलावरून वीतभर उडाले.

"इथला टेंडन दुखावलाय," ती म्हणाली आणि त्यांच्या हातात एक काठी दिली. "सायकलचं हँडल कसं धरता, दाखवा."

भाऊसाहेबांनी धरलं.

"काका, हे धरणं नाही. हे लटकणं झालं!"

"स्कूटरवर मागे बसतात तेव्हा माझा खांदाही असाच धरतात," बायको म्हणाली. "म्हणजे आता सायकल बंद ना?"

भाऊसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

"बंद कशाला? थोडे दिवस विश्रांती आणि मी सांगते ते व्यायाम. तोवर सायकल सोयीची करून घ्या. हँडल वर आणि जवळ हवं, म्हणजे कोपर ताठ राहणार नाही. ग्रिप मऊ, ब्रेक हलके."

त्या मुलीच्या पाया पडावं असं भाऊसाहेबांना वाटलं. ते तडक दुकानात गेले. बायकोही बरोबर होतीच.

"बसून दाखवा," सायकलवाला म्हणाला. भाऊसाहेबांनी हँडलला हात लावला आणि "आई गं!" म्हणून मागे घेतला.

"राहू द्या, साहेब. वहिनी, तुम्हीच बसा जरा. मला अंदाज येईल."

वहिनी बसल्या. हँडल वर आलं, जवळ आलं, सीट खाली गेली. भाऊसाहेब बाकावर चहा पीत, "हां, आता छान दिसतंय," म्हणत राहिले. (माणूस स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताना किती खुशीत असतो!)

पहिल्या रविवारी बायको म्हणाली, "उभी राहून गंजेल ती. जरा चक्कर मारून आणते." ती उगवली ती थेट जेवायच्या वेळी. "अहो, वाटेत तुमचा ग्रुपच भेटला! टेकडीपर्यंत गेलो." पुढच्या रविवारी ती पाण्याची बाटली घेऊनच निघाली. जाता जाता म्हणाली, "गिझरवाला येणार आहे, घरीच थांबा हं."

गिझरवाला आला. पाणी किती दिवसांपासून गार येतंय, आधी कोणी उघडला होता, पाना आहे का, असं विचारत राहिला. तो गेल्यावर शेजारीण "वहिनी कुठे आहेत?" असं विचारून गेली. बाहेर शांतपणे सायकल चालवणाऱ्या बायकोचा भाऊसाहेबांना मनापासून हेवा वाटला.

मग ते इरेला पेटले. मिठाचा पुडा हातात धरून, मनगट सावकाश खालीवर करत रोज व्यायाम केला, आणि कोपर खरंच बरं झालं! शनिवारी त्यांनी गुपचूप सायकल काढली. गुडघे हँडलला आपटले. तसेच फेंगडे पाय टाकत ते दुकानात पोहोचले.

"सगळं पहिल्यासारखं करून द्या."

"ते कसं होणार, साहेब? कालच वहिनी सीट आणखी खाली करून घेऊन गेल्या. आधी काढलेले जुने सुटे भाग मला दिले आणि बदल्यात ही पुढची बास्केट घेतली."

आता मात्र हद्द झाली. घरी येताच भाऊसाहेब म्हणाले, "अगं, माझा हात बरा झालाय. उद्यापासून—"

"खरंच?" तिने घट्ट बसलेली एक बरणी पुढे केली. भाऊसाहेबांनी सारा राग त्या झाकणावर काढला. ते निघालं. ती "वा!" म्हणून बरणी घेऊन आत गेली. सायकलचा विषय काढायला भाऊसाहेब तिच्या मागे निघाले, तेवढ्यात ग्रुपच्या कॅप्टनचा फोन आला आणि त्यांनी तो स्पीकरवर घेतला.

"वहिनी आहेत का? नाही, तुम्हीही चालाल. हात बरा असला तर उद्या बसने पायथ्याशी या. आम्ही वर जाऊन येईपर्यंत पिशव्या सांभाळायला कोणीतरी हवंय. आणि सगळ्यांचे मोबाइलही तुमच्याकडेच ठेवू. घरचे सारखे फोन करून काहीबाही विचारत असतात, त्यांना तेवढी उत्तरं द्या. तुम्हाला खिडकीची सवय आहेच."

भाऊसाहेबांनी उजवा हात पोटाशी धरला. "नाही हो," ते कण्हत म्हणाले, "अजून फार दुखतोय."

"काही दुखत नाही, कॅप्टन!" आतून बायको ओरडली. "आत्ताच बरणी उघडून दिली त्यांनी. किती वाजता पाठवू?"