सेतुरावांची ओली पायरी

आमच्या शेजारचे सेतुराव लाडू आधी पाण्यात बुडवतात, मग खातात. खोटं नाही सांगत! दिवाळीला मी रव्याचे लाडू दिले, तर एक पेल्यात टाकला आणि पेला उजेडाकडे धरून बसले. "अक्का, सुटतंय हो. पाक कमी पडला."

"अय्यो, सेतुराव, लाडू आहे तो, धरण नव्हे!"

त्यांचा तरी काय दोष? समयांना मुलामा देणाऱ्या कारखान्यात जन्म गेला. टाक्यांच्या तळाशी विषारी गाळ साचतो. तसाच फेकला तर पावसाबरोबर कालव्यात, कालव्यातून भातात. सेतुराव त्यात सिमेंट, चुना, राख कालवून ठोकळे पाडायचे, ओल्या गोणपाटाखाली मुरवायचे. मग ठोकळा पाण्यात ठेवून बघायचं, आतलं बाहेर सुटतंय का. नोकरी संपली, पण तपासणी काही संपली नाही. जावयालासुद्धा पहिल्याच भेटीत विचारलं, "राग आत राहतो की सुटतो?"

रुक्मा, त्यांची बायको, गेल्या वर्षी वारली. मागच्या महिन्यात मुलगी इंदू त्यांना चेन्नईला न्यायला आली, तर हे दारात स्वतः घातलेल्या सिमेंटच्या पायरीपाशी ठाण मांडून. "पायरी मुरतेय. पाणी कोण घालणार?"

"अप्पा, ती केव्हाच दगड झालीय!" इंदू रडकुंडीला आली. "अक्का, तुम्ही तरी सांगा. इथे एकटे जेवतात की नाही, कोण बघणार?"

मी तरातरा गेले आणि पायरीवरचं गोणपाट उचललं. खाली कोलम, आमच्याकडची ठिपक्यांची रांगोळी. पिठाचा नव्हे, सिमेंटात बोटानं कोरलेला.

"ओल्या पायरीवरच काढला रुक्मानं," सेतुराव म्हणाले. "मी केवढा ओरडलो, पायरी नासवलीस म्हणून."

"मग आता पाणी कशाला? घट्ट झालाय की."

"झालाय हो. पण कोरडं पडलं की चीर जाते."

मी त्यांच्या हातातला तांब्या घेतला. "बॅग भरा. माझ्या दारात सडा घालते, तसं इथंही घालेन."

"ओतायचं नाही, अक्का. शिंपडायचं."

"बरं, शिंपडेन. निघा!"

आता रोज सकाळी चेन्नईहून फोन येतो. माझ्या गुडघ्यांची चौकशी नाही, काही नाही.

"अक्का, सुटलं का काही?"

मी गोणपाट उचलून नीट बघते. मगच सांगते, "एक ठिपकासुद्धा नाही, सेतुराव."