डावा पुढचा, उजवा मागचा

जर्मनांशी माझं काही वैर नव्हतं. पण ज्या देशात सायकलचा पुढचा ब्रेक डाव्या हाताला देतात, त्या देशाबद्दल मी यापुढे चांगलं बोलणार नाही.

झालं असं, की माझा मेव्हणा ऋतुराज बरीच वर्षं जर्मनीत काढून पुण्याला परतला आणि येताना तिकडची सायकल घेऊन आला. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ती मावेना, म्हणून कोल्हापूरला आमच्याकडे आणून ठेवली. मीही 'असू दे की' म्हणालो. (माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं 'असू दे की'पासूनच सुरू झाली आहेत. लग्नसुद्धा.) जाताना तो म्हणाला, "दाजी, बिनधास्त चालवा. फक्त तिकडं डावा ब्रेक पुढच्या चाकाचा असतोय आणि उजवा मागच्याचा. तेवढं जपून."

जपून? मी शाळेत असल्यापासून कैची मारून सायकल हाणलेला माणूस! मी ऐकलं आणि सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचगंगेच्या उताराला समोरून म्हशी आल्या. जन्मभराच्या सवयीनं मी डावा ब्रेक दाबला. आपल्याकडे डावा म्हणजे मागचा, गरीब, सोशिक. या जर्मन डाव्यानं मात्र पुढचं चाक जागच्या जागी धरलं. सायकल थांबली, मी थांबलो नाही. हँडलवरून थेट पहिल्या म्हशीपुढे. म्हैस सभ्य होती, बाजूनं निघून गेली. माणसं तशी नव्हती. चहाच्या गाड्यावरचे सगळे उठून आले आणि "पावणं, उताराला पुढचा ब्रेक दाबायचा नसतोय की," असं मलाच शिकवायला लागले. मी कळवळून सांगत होतो, की मी मागचाच दाबला होता, फक्त तो पुढे होता. त्यावर एकानं मला पाणी पाजलं आणि दुसऱ्यानं घरी कोणाला फोन लावू का, असं हळूच विचारलं.

घरी येऊन ऋतुराजला फोनवर झापलं. तो शांतपणे समजावू लागला. तिकडे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. डावीकडे वळताना डावा हात दाखवावा लागतो, म्हणून हँडलवर उरलेल्या उजव्या हाताला मागचा ब्रेक, असं तिकडचे लोक सांगतात. आपल्याकडे सगळं बरोबर उलट. मी म्हटलं, अरे, कोल्हापुरात वळताना हात दाखवतो कोण? इथे माणूस आधी वळतो, मग मागच्याशी भांडतो.

माझी बायको संयोगिता म्हणाली, सायकलवाल्या केरबाच्या दुकानात जाऊन ब्रेकच्या तारांची अदलाबदल करून घ्या. उपाय सोपा होता, अडचण सासऱ्यांची होती. आबा जुने पैलवान. लग्न ठरवताना त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळून सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "पोरगं बरं हाय, पर तोल न्हाय." त्यांचा मुलगा जी सायकल वर्षानुवर्षं चालवत होता, ती जावयाला झेपेना म्हणून तारा बदलल्या, हे त्यांच्या कानावर गेलं असतं तर तो शेरा कायमचा माझ्या कपाळी बसला असता. मी ठरवलं, सायकल बदलायची नाही, आपण बदलायचं. दसऱ्याला याच सायकलवरून आबांच्या दारात जायचं, ऐटीत ब्रेक मारायचा आणि सोनं द्यायचं.

मग मी जी मेहनत घेतली, ती परीक्षेला घेतली असती तर आज क्लार्क नसतो. 'डावा पुढचा, उजवा मागचा' हा जप उठता-बसता चालू. जेवताना ताटाच्या दोन्ही बाजूंना मुठी आवळायचो. संयोगितानं आमटी वाढताना मध्येच "उजवा कुठला?" विचारलं तरी माझं "मागचा" तयार असायचं. हळूहळू माझे हात पक्के जर्मन झाले. (इतके, की ऑफिसातल्या शिपायाची देशी सायकल घेऊन टपालाला गेलो तेव्हा तिच्यावरूनही पडलो. पण तो मी प्रगतीचा पुरावा मानला.)

खंडेनवमीला आमच्याकडे घरातल्या सगळ्या वाहनांची पूजा असते. मी ऑफिसात असताना संयोगितानं सायकल धुण्या-पुसण्याला आणि तेलपाण्याला केरबाकडे पाठवली. संध्याकाळी ती चकचकीत होऊन आली, हँडलला झेंडूचा हार घालून पूजा झाली. मला सायकलचं कौतुक वाटलं. शंका आली नाही.

दसऱ्याला पांढराशुभ्र सदरा घालून, आपट्याची पानं मुठीत धरून निघालो. आबांचं घर उताराच्या तळाशी. आबा दारात खुर्ची टाकून बसलेले, भोवती अर्धी गल्ली. मी झोकात आलो आणि अगदी त्यांच्यासमोर उजवा, म्हणजे मागचा, म्हणजे जो मागचा असायला हवा होता तो ब्रेक करकचून दाबला.

पुढचं चाक थांबलं. मी हँडलवरून, झेंडूच्या हारासकट, हात पुढे पसरून असा काही आलो, की माझं कपाळ बरोबर आबांच्या पायांवर आणि मुठीतली पानं त्यांच्या चपलेवर.

आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"औक्षवंत व्हा. पर पावणं, एवढं कशाला? नुसतं वाकला असता तरी चाललं असतं की."

मी खालूनच म्हणालो, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले. शेजारणी म्हणाल्या, आजकाल असा जावई मिळत नाही. गुडघ्यातून कळ मस्तकात जात होती, पण मी तोंड उघडलं नाही. अब्रू वाचत असेल तर गुडघा गेला तरी चालेल, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी लंगडत केरबाचं दुकान गाठलं आणि जाब विचारला. त्याला उलट माझंच नवल वाटलं. "कुण्या येड्यानं तारा उलट्या जोडल्या हुत्या. सरळ केल्या. सणाचं म्हणून त्याचं पैसं बी लावलं न्हाईत."

"मला न विचारता?"

"त्यात काय विचारायचं? चुकलं हुतं की."

म्हणजे अख्खी जर्मनी चुकली, केरबा बरोबर, आणि वर मीच त्याचे आभार मानायचे! मी पाय आपटणार होतो, पण डॉक्टरांनी पाय आपटायला बंदी केली होती. एकच समाधान होतं, आबांच्या नजरेत मी संस्कारी जावई ठरलो होतो आणि खरी गोष्ट त्यांना कधीच कळणार नव्हती.

दिवाळीच्या पाडव्याला त्यांच्याकडे फराळाला गेलो. या वेळी सायकलचं नाव काढलं नाही, सरळ चालत गेलो. आबा दारातच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं आणि आत सासूबाईंना हाक मारून सांगितलं, "अगं, पावणं आज चालत आल्यात. नमस्कार साधाच असणार."