शेकोटीचा बंदोबस्त

"बाबा, तू फक्त बसायचंस. हात वर करायचा नाही, काही बोलायचं नाही, आणि कुणी विचारलंच तर परीक्षेच्या दिवशी तुला ड्यूटी आहे," पालकसभेला निघताना बुटांचे बंद बांधता बांधता भिंगरीने वडिलांना बजावलं. बापाने शहाण्या मुलासारखी मान डोलावली. तेव्हाच खरं तर त्यांना घरी कोंडून ठेवायला हवं होतं.

भिंगरीचे वडील अग्निशमन केंद्राचे प्रमुख होते. स्काउट पथकातली पोरं त्यांना बंबकाका म्हणत आणि त्यांना ते मनापासून आवडे. त्यांचं काम चोख होतं, याबद्दल कुणाचं दुमत नाही. पण काही माणसं काम संपल्यावर ते हापिसात ठेवून येतात, तसं त्यांना जमत नव्हतं. त्यांच्या घरात काडेपेटी नव्हती. स्वयंपाक विजेच्या शेगडीवर व्हायचा. भिंगरीच्या वाढदिवसाला केकवर बॅटरीवरचा दिवा लागे आणि ती बिचारी फुंकर मारल्यासारखं करून हळूच बटण दाबे.

अशा घरातल्या मुलीला शेकोटीचा बिल्ला मिळवायचा होता. त्यासाठी दोन काड्यांत शेकोटी पेटवायची, तिच्यावर पातेलंभर पाणी उकळायचं आणि शेवटी ती स्वतःच्या हाताने नीट विझवायची, अशी परीक्षा असे. बिल्ला नसेल त्याला जंगलातल्या शिबिराला नेत नसत. भिंगरी दोनदा नापास झाली होती. होणारच, काडी कशी धरतात हेच तिने घरात कधी पाहिलं नव्हतं. ही शेवटची संधी. तिच्या मैत्रिणींनी शिबिराच्या पिशव्याही भरून ठेवल्या होत्या आणि कोण कुणाशेजारी झोपणार यावरून त्यांची भांडणंही होऊन गेली होती. त्या भांडणात आपलं नाव कुणीच घेतलं नाही, हे भिंगरीला फार लागलं होतं.

सभेत पथकाच्या बाईंनी विचारलं, की शेकोटीच्या परीक्षेला सुरक्षेची जबाबदारी कोण घेईल. बाई एरवी शाळेत चित्रकला शिकवत आणि सुट्टीच्या दिवशी पथक सांभाळत. मदतीला पालक मिळवताना त्यांच्या दरवेळी नाकी नऊ येत. ज्यांना त्यांनी गळ घालावी ते ऐन वेळी बुटाच्या बंदात गुंतून पडत. या वेळी मात्र प्रश्न संपायच्या आत सगळ्या खोलीने बंबकाकांकडे पाहिलं.

"ह्यांना त्या दिवशी ड्यूटी आहे," भिंगरीची आई घाईघाईने म्हणाली.

"रजा काढतो की," बंबकाका म्हणाले. भिंगरीने टेबलाखालून लाथ मारली ती शेजारच्या दातांच्या डॉक्टरांना लागली.

घरी आल्यावर भिंगरी जेवली नाही. तिने बापाकडून वदवून घेतलं की तो तिच्या शेकोटीला हात लावणार नाही, पाणी लावणार नाही आणि सल्लाही देणार नाही. बंबकाकांनी सगळं कबूल केलं. लेकीचं भलं त्यांना हवंच होतं हो. त्यांच्या वाईटपणाचा कधी प्रश्नच नव्हता, प्रश्न चांगुलपणाचाच होता.

परीक्षेच्या सकाळी ते सगळ्यांच्या आधी मैदानावर पोहोचले. वाळूच्या बादल्या, पाण्याच्या बादल्या, ओली पोती अशी सगळी मांडामांड केली. मग वाळलेलं गवत दिसलं, म्हणून माळ्याचा पाइप घेऊन त्यांनी मैदान भिजवून काढलं. मुलांनी आठवडाभर वाळवलेली लाकडं त्याच गवतावर रचून ठेवली होती. बाई आल्या तेव्हा लाकडांखाली बेडूक बसला होता.

"मी सुरक्षा म्हटलं होतं," बाई म्हणाल्या. "शेती नव्हे."

परीक्षा पुढे ढकलावी तर शिबिर तोंडावर आलेलं. शेवटी दातांचे डॉक्टर दवाखान्यातली जुनी खोकी मोडून घेऊन आले, कुणी घरातली मोडकी खुर्ची आणली, आणि जे जरा कमी भिजलं होतं ते वर अशी लाकडांची फेररचना झाली. मैदानावर चुन्याची रेषा आखलेली होती. पालकांनी तिच्या आत यायचं नाही, असा बाईंचा दंडक होता, कारण मागे गाठींच्या परीक्षेत सगळ्या गाठी आयांनीच मारल्या होत्या. रेषेच्या आत एकट्या बंबकाकांना परवानगी होती. हा बाईंच्या आयुष्यातला सर्वांत चुकीचा निर्णय असावा.

पहिल्या मुलाने शेकोटी छान पेटवली. एक ठिणगी जरा उंच उडाली आणि बंबकाकांनी बादली ओतली. सगळे अवाक झाले. सर्वांत जास्त अवाक बंबकाका झाले होते, कारण बादली कधी उचलली हे त्यांना स्वतःलाच कळलं नव्हतं. त्यांनी मुलाची माफी मागितली, बाईंची मागितली, मुलाच्या आजीचीही मागितली. मुलाला नव्या काड्या मिळाल्या. दुसरी शेकोटी डॉक्टरांच्या मुलाची. ती पेटली तेव्हा बंबकाकांनी दोन्ही हात खिशात घालून दात आवळून धरले होते. पण पातेल्याखालून ज्वाळा बाहेर आली आणि त्यांनी पोतं टाकलं. पातेलं कलंडलं, डॉक्टरांच्या मुलाने भोकाड पसरलं.

डॉक्टर शांत माणूस. रोज लोकांच्या तोंडात हात घालूनही कधी आवाज न चढवणारे. तेही म्हणाले, "अहो, जरा पेटू तरी द्या."

मग बाईंनी बंबकाकांना रेषेबाहेर काढलं. त्यांच्या बादल्या काढून घेतल्या आणि पुन्हा कुणाला मोह नको म्हणून झाडांना घालून टाकल्या. भिंगरीची आई नवऱ्याच्या मनगटाला धरून उभी राहिली. ती रुग्णालयात परिचारिका होती, आणि धडपड करणाऱ्या माणसाला कसं धरावं हे तिला ठाऊक होतं. उरलेल्या पोरांच्या शेकोट्या एकामागून एक पार पडल्या. मुलं पास होत होती आणि बंबकाका घामाने निथळत होते.

भिंगरीची पाळी शेवटची. तोवर कमी भिजलेली लाकडं संपली होती आणि तिच्या वाट्याला तळातली ओलीच आली. तिने पहिली काडी ओढली. ती लगेच विझली. तिने बापाकडे असं काही पाहिलं की बंबकाकांनी मान खाली घातली. आजवर शेकडो लोकांनी त्यांचे आभार मानले होते, आणि पोटच्या पोरीला मात्र एक काडी पेटवता येऊ नये ही आपलीच करणी, हे त्यांना त्या क्षणी समजलं. त्यांना फार वाईट वाटलं.

दुसरी काडी लागली. खोक्याचा पुठ्ठा पेटला, खुर्चीचा पाय पेटला, आणि मग ओल्या लाकडांनी धूर सोडायला सुरुवात केली. एवढा धूर, की बाई खोकत खोकत मागे सरल्या. भिंगरी डोळे पुसत फुंकर घालत राहिली. धूर मैदानावरून समोरच्या इमारतींच्या गच्चीपर्यंत गेला. तिथल्या कुणीतरी जबाबदार नागरिकाने फोन फिरवला असणार, कारण पातेल्याच्या तळाशी बुडबुडे दिसू लागले तेव्हाच भोंगा ऐकू आला.

बंबकाकांचा चेहरा सवयीने खुलला आणि लगेच पडला. गाडी त्यांच्याच केंद्राची होती. फाटकातून आत शिरून ती थांबते न थांबते तोच माणसं उतरली, पाइप सुटला, नळी रोखली गेली. कुठेही एक सेकंद वाया गेला नाही. इतकं उत्तम काम पाहून बंबकाकांना रडू यायचं बाकी राहिलं. मनगट सोडवून ते रेषा ओलांडून धावले आणि शेकोटीपुढे हात पसरून उभे राहिले.

"साहेब, बाजूला व्हा," गाडीचा चालक ओरडला. "आग आहे तिथे."

"माहीत आहे. माझ्या मुलीची आहे."

"पण तुम्हीच शिकवलंय, आधी पाणी, मग चौकशी."

आणि पाणी आलं. बंबकाका छातीवर घेत उभे राहिले. टोपी उडाली, चष्मा उडाला, एक पाय चिखलात घसरला, पण ते हलले नाहीत. नळी बंद झाली तेव्हा त्यांच्या पाठीमागे धूर होता, ज्वाळा होती आणि पातेल्यात पाणी खळखळत होतं.

बाईंनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "उकळलं," त्या म्हणाल्या. "आता फक्त विझवायची राहिली, की बिल्ला तुझा." मैदानात कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण सगळे दमले होते. चालक शरमून पुढे आला आणि नळीचं टोक दोन्ही हातांनी भिंगरीपुढे धरून म्हणाला, "ताई, पाणी हवं तेवढं आहे."

भिंगरीने नळी घेतली. तेवढ्यात तिला बाप दिसला. नखशिखांत भिजलेला, ओठ निळे पडलेले, दातांवर दात आपटत तो शेकोटीकडे सरकत होता आणि दोन्ही तळवे त्याने ज्वाळेपुढे धरले होते.

"भिंगरे," बंबकाका चाचरत म्हणाले, "थोडा वेळ राहू दे की."

भिंगरीने बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, विझवायची कधी हे नियमात लिहिलेलं नाही, आणि स्वतःच तिथल्या मोडक्या खुर्चीच्या उरलेल्या भागावर टेकल्या. भिंगरीने नळी खाली ठेवली, खुर्चीचा आणखी एक पाय आत सारला आणि बापाला खांद्याला धरून थोडं मागे ओढलं.

"इतक्या जवळ नको जाऊस, बाबा," ती म्हणाली. "भाजेल."