लाल नळी

सकाळी आठला मुरारी भोसरीच्या वर्कशॉपमध्ये पोचला, तेव्हा त्याच्या रॉकेटची नळी जागेवर नव्हती. टोक आणि पंख पिशवीत होते, पण बसवायचे कशावर? अकरा वाजता चार कॉलेजांची रॉकेट-स्पर्धा होती. पहिल्या तिघांत नंबर आला नाही, तर रॉकेट मंडळाच्या खोलीत मोडके बाक भरणार, असं प्राचार्यांनी बजावलं होतं.

"चाचा, काल नळी इथंच रंग वाळायला ठेवली होती."

"कुठला रंग?" नूरमोहम्मद मिस्त्रींनी विचारलं. वर्कशॉप त्यांचं. वीस वर्षं हौसेनं रॉकेटं उडवून आता ते मुलांना शिकवत होते.

"लाल. बबनकाका म्हणाले, गवतात चटकन दिसेल."

ड्रॉइंग करून देणारे बबनराव, तेही जुने हौशी, अभिमानानं हसले. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "अहो राव, आमच्याकडं लाल म्हणजे रिजेक्ट!"

"व्हय," झाडलोट करणाऱ्या चिमाबाई म्हणाल्या. "लाल दिसलं की म्या पोत्यात टाकते. मघाशीच बरकतभाऊ महिन्याचं भंगार घिऊन गेलं."

एका स्कूटरवर तिघं बरकतच्या दुकानी धडकले. बरकतनं नुकतंच पोतं उलटं केलं होतं. "लाल नळी? ही काय, वरच पडलीय."

मुरारीनं ती हातात तोलली. "काका, हलकी लागतेय."

"रंग वाळला ना! वजन उतरणारच."

किती उतरावं, याचा हिशोब मुरारी मनात मांडत राहिला. उत्तर जुळेना. पण दहा वाजून गेले होते.

माळावर त्यांचं रॉकेट असं सुटलं की उंची मोजणाऱ्याची मान अवघडली. तिन्ही संघ मागे पडले. बबनराव मिस्त्रींना मिठी मारतात तोच बरकत सायकलवरून धापा टाकत आला.

"मिस्त्री, ढिगाखालून आणखी एक निघाली. तुमचीच ना?"

नळीच्या आत मुरारीनं स्वतः कोरलेलं नाव होतं. "ही आपली! मग उडालं ते काय?"

मिस्त्रींनी उतरलेल्या रॉकेटच्या नळीला जाडी मोजायचा कॅलिपर लावला आणि त्यांचा चेहरा पडला. "माझाच पहिला पीस. नळीची भिंत पातळ झाली म्हणून मीच लाल मारला होता."

"गप बसा हो! पहिला नंबर येतोय!" बबनराव कुजबुजले.

परीक्षक ड्रॉइंग घेऊन आलेच. "याप्रमाणेच बनवलंय ना? नाहीतर उड्डाण बाद."

हो म्हणावं की नाही, मुरारीला कळेना. डोळ्यांपुढं मोडके बाक नाचू लागले.

"नाही साहेब," मिस्त्री म्हणाले. "रिजेक्ट आहे."

उड्डाण बाद झालं. नशीब, प्रत्येक संघाला दोन संधी होत्या. खरी नळी अगदी सरळ वर गेली आणि पहिलीपेक्षा बरीच खालून परतली. चारांत तिसरा नंबर. खोली वाचली.

"बघितलंत? ड्रॉइंगप्रमाणे गेलं!" मिस्त्री खुशीत होते.

मुरारीचा गोंधळ मात्र वाढलाच. "चाचा, म्हणजे पातळ भिंतच बरी होती?"

"होतीच की. हलकं ते वर जाणार."

"मग पास का नाही केलीत?"

मिस्त्रींनी बबनरावांच्या खिशातली पेन्सिल काढून त्याच्या हातात दिली. "आधी ड्रॉइंग बदल. मग तोच पीस पास."