बरोबर आठ वाजता

शहरातल्या घड्याळाच्या मनोऱ्याचं उद्घाटन शंभर वर्षांपूर्वी सकाळी बरोबर आठ वाजता झालं होतं. सूर्य पूर्वेला उगवतो यावर त्या शहरात एक वेळ शंका घेता आली असती, यावर नाही. मनोऱ्याच्या पायथ्याशी संगमरवरात प्रमुख पाहुण्यांच्या नावासकट तसं कोरलेलं होतं. शाळेत उशिरा येणाऱ्या मुलांकडून ते वाक्य दहादा लिहून घेत, आणि कचेऱ्यांतून निघणाऱ्या उशिराच्या मेमोवर तेच वाक्य माथ्याला छापलेलं असे.

नगर छायाचित्रालयात चित्रांखालच्या ओळी लिहिणाऱ्या बाईंकडे असे दोन मेमो जमले होते. सगळे त्यांना फोटोबाई म्हणत. दोन्ही वेळी उशीर झाला तो सात मिनिटांचा. सासूबाईंचा डावा हात आजारपणात लुळा पडला होता. रोज सकाळी त्याची बोटं एकेक करून उघडावी लागत, आणि बोटं काही घड्याळ बघून उघडत नसत. तिसऱ्या मेमोला चौकशी, असा नियम होता.

"मला लवकर उठवत जा," सासूबाई म्हणत.

"साडेपाचला उठवतेच की."

"मग हातच उशिरा उठतो. मेमो त्याला द्यायला सांग."

मनोऱ्याच्या शताब्दीनिमित्त 'दुर्मिळ आणि आश्चर्यकारक छायाचित्रे' असं प्रदर्शन भरवायचं ठरलं. पंचाईत एवढीच होती, की खुद्द उद्घाटनाचा एकही फोटो कार्यालयाकडे नव्हता. तेवढ्यात बंद पडलेल्या एका स्टुडिओच्या मालकाची नात, सत्तरीची बाई, काचेची एक निगेटिव्ह पदराखाली जपून घेऊन आली. फोटोबाईंनी ती छापून घेतली. फीत होती, कात्री होती, प्रमुख पाहुण्यांच्या मिशा होत्या, सगळं कसं ठसठशीत. आणि वर, पाहुण्यांच्या टोपीच्या नेमकं माथ्यावर, घड्याळात पावणेअकरा वाजले होते.

फोटोबाईंनी खाली ओळ लिहिली: 'मनोऱ्याचे उद्घाटन, सकाळी पावणेअकरा.' डोळ्यांना दिसतं ते लिहायचं, एकवीस वर्षं त्यांना एवढंच येत होतं.

संचालकांनी ओळ वाचली आणि उठून दार लावून घेतलं.

"बाई, हे काय आहे?"

"दुर्मिळ छायाचित्र, साहेब."

"दुर्मिळ ठीक आहे हो. पण आश्चर्यकारक किती असावं, याला काही मर्यादा?"

समिती नेमण्यात आली. अकराची बैठक साडेबाराला सुरू झाली. इतिहासतज्ज्ञांनी भिंग लावून सांगितलं, की सावल्या आखूड आहेत, म्हणजे घड्याळ खरं बोलतंय. आता घड्याळ खोटं म्हणावं, तर शहर पहिल्या दिवसापासून खोट्या वेळेवर चालत आलं. खरं म्हणावं, तर पाहुणे उशिरा आले. इकडे आड, तिकडे विहीर. कायदा सल्लागारांनी चष्मा पुसला.

"तुम्ही तिसऱ्या माणसाला विसरताय. फोटो काढणारा."

"त्याचं काय?"

"तो उशिरा आला."

समितीच्या जिवात जीव आला.

"पण फीत अजून कापलेली नाही," फोटोबाई म्हणाल्या.

"त्याच्यासाठी पुन्हा बांधली. मनाची मोठी माणसं होती ती."

कैलासवासी छायाचित्रकाराच्या नावे कारणे दाखवा नोटीस निघाली. सदर प्रसंगी पावणेतीन तास विलंब का झाला, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा; जातीने हजर राहणे शक्य नसल्यास वारसाने यावे. हे लचांड फोटोबाईंनीच उकरून काढलं होतं, म्हणून नोटीस पोचवायचं कामही त्यांच्याच गळ्यात आलं.

नातीने नोटीस दोनदा वाचली. ती हसली नाही.

"माझे आजोबा दुसऱ्याच्या लग्नात नवरदेवाच्या आधी पोचायचे," ती म्हणाली. "थांबा जरा."

माळ्यावरून तिने पत्र्याचा डबा काढला. आत आणखी तीन काचा होत्या. एकीत घड्याळ आठ दाखवत होतं: माणसं ताठ उभी, बँडवाल्यांचे गाल फुगलेले, फीत ताणलेली, पाहुण्यांची खुर्ची रिकामी. दुसरीत नऊ वाजले होते आणि बँडवाले ढोलावर बसले होते. तिसरीत दहा. पहिल्या रांगेतले तिघं एकमेकांच्या खांद्यावर झोपले होते आणि एक गृहस्थ पाहुण्यांच्या खुर्चीत बसून बुटातला खडा काढत होते.

"एवढ्या माणसांत उशिरा एकच जण आला," नात म्हणाली, "आणि दगडावर नाव त्याचंच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंची बोटं उघडताना फोटोबाईंनी विषय काढला.

"चारही पुढे ठेवले, तर साहेब माझ्या वाइटावर टपतील."

"आणि नाही ठेवले तर?"

"तर उशिराचा शेरा त्या गेलेल्या माणसाला."

"त्याला कशाला? तुला दोन आहेतच, तिसराही घरातच येऊ दे."

फोटोबाईंनी चारही फोटो समितीपुढे मांडले. मग संचालकांनी पहिला फोटो दोन बोटांत उचलला.

"हा लावा. आठ वाजलेत. प्रश्न मिटला."

"पण यात पाहुणे नाहीत."

"नम्र होते. फोटोत यायचं टाळलं."

त्याप्रमाणे ओळ मंजूर झाली: 'मनोऱ्याचे उद्घाटन, बरोबर आठ वाजता. प्रमुख पाहुणे प्रसिद्धिपराङ्मुख असल्याने छायाचित्रात दिसत नाहीत.' नोटीस मागे घेतली गेली नाही; ती तूर्त स्थगित झाली.

वर्तमानपत्रांनी तो रिकाम्या खुर्चीचा फोटो पहिल्या पानावर छापला. अशी नम्रता आता कुठे राहिली, असं जो तो म्हणू लागला. त्याच आठवड्यात एक पुढारी पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनाला आपल्या पायांनी गेले, तर 'हजर राहून मिरवले' म्हणून त्यांची छी-थू झाली. पंधरा दिवसांत अशी वेळ आली, की अब्रूदार माणूस कुठल्याही उद्घाटनाकडे फिरकेना. प्रदर्शनाच्या प्रमुख पाहुण्यांचंही पत्र आलं: 'शहराच्या थोर परंपरेला अनुसरून मी उपस्थित राहणार नाही. फीत मात्र माझ्याच हस्ते कापली जावी.'

उद्घाटनाच्या दिवशी फोटोबाई आठ वाजून सात मिनिटांनी पोचल्या. तिसरा मेमो टेबलावर तयार होता. चौकशीची तारीख पडली, पण चौकशी अधिकारी त्या तारखेला आले नाहीत, पुढच्यालाही नाहीत. नोकरी टिकली ती अशी.

फीतही टिकली. ज्यांच्या हस्ते ती कापायची ते येईनात, आणि कापल्याशिवाय पुढच्या दाराने आत सोडायचं नाही, असा नियम. फोटोबाई रोज मागच्या दाराने जाऊन चौकटींवरची धूळ पुसत. आत तपासायला कोणी येत नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी चारही फोटो ओळीने लावले आणि प्रत्येकाखाली दिसतं ते लिहिलं. एका दुपारी सासूबाईंना चाकाच्या खुर्चीतून आणलं. नातही आली. आठच्या फोटोपुढे ती बराच वेळ उभी राहिली. सासूबाईंना दहाचा आवडला.

"हा खडा काढणारा बघ," त्या म्हणाल्या. "सगळ्यांत एकटाच काहीतरी काम करतोय."

मग फोटोबाईंनी पुढच्या दाराशी मोठ्या अक्षरांत पाटी लावली: 'प्रदर्शन सुरू आहे. आत येण्यासाठी मागील दार.' मागचं दार वीस पावलांवर होतं.

लोक लोटले, ते फितीपाशीच. फितीला हात लावून फोटो काढून घेत होते, मुलांना खांद्यावर घेऊन फीत दाखवत होते. बाहेरच्या टेबलावर अभिप्रायाची वही ठेवली होती, ती महिन्यात भरली. दुसरी आणावी लागली. 'अप्रतिम संग्रह.' 'एकेक छायाचित्र जणू इतिहासच बोलतं.' 'डोळ्यांचं पारणं फिटलं, पुढच्या पिढीने जरूर पाहावं.' फोटोबाईंनी दोन्ही वह्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. फोटो कुठे आहेत, असं एकानेही विचारलं नव्हतं.

वह्या अजून त्या टेबलावरच आहेत, पाहायला कोणाला मनाई नाही. त्यांत तुमचाही अभिप्राय आहे; अक्षर फोटोबाईंना सुबक वाटलं.